टब की शॉवर? आधी गिझरला विचारा

शोरूममधला टब कोरडा असतो आणि शॉवरमागे पाणीच नसतं. त्यामुळे बाथरूमचं नूतनीकरण काढलेलं जोडपं तिथे उभं राहून रंग, आकार आणि किंमत यांवरच वाद घालतं. एकाला कुठल्याशा हॉटेलातला टब आठवत असतो, दुसऱ्याला छतातून कोसळणारा भलामोठा रेन शॉवर हवा असतो. निकाल मात्र घरी, भिंतीवर टांगलेल्या गिझरपाशी लागतो.

हिशेब मांडून बघू. साडेपाच फुटी टबात खांद्यापर्यंत बुडायचं तर साधारण दीडशे लिटर पाणी लागतं. टबाची क्षमता याहून जास्त असते, पण उरलेली जागा आपणच व्यापतो. सत्तर किलोच्या माणसाचं आकारमान जवळपास सत्तर लिटर असतं, तेवढं पाणी आर्किमिडीजच्या कृपेने वाचतं. नळाचं पाणी २५ अंश सेल्सिअसचं आणि अंघोळीचं ४० अंशांचं धरलं, तर दीडशे लिटर तापवायला सुमारे २.६ युनिट वीज खर्च होते. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली सात मिनिटं काढली तर ५६ लिटर पाणी आणि जेमतेम एक युनिट. वीस लिटरच्या बादलीचं काम एक तृतीयांश युनिटात भागतं.

विजेच्या बिलापेक्षा अडचण वेळेची आहे. आपल्याकडे फ्लॅटमध्ये बहुधा १५ किंवा २५ लिटरचा गिझर असतो. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात नळाचं पाणी मिसळत ४० अंशांवर आणलं, तर हाती येतं ५८ लिटर. शॉवरला हे बरोब्बर पुरतं. टबासाठी तोच गिझर अडीच वेळा तापावा लागतो आणि २ किलोवॉटच्या कॉइलला दर खेपेला अर्धा तास हवा. तिसरी खेप येईतो पहिल्या खेपेचं पाणी कोमट झालेलं असतं. नवाकोरा टब महिन्याभरात धुवायच्या कपड्यांचं गोदाम होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. शेगडीवरचं पातेलं आणून ओतणारेही असतात, पण तेवढ्यासाठी कुणी इटालियन टब घेत नाही.

शॉवरवाल्यांनी मात्र लगेच कॉलर ताठ करू नये. मोठा रेन शॉवर पूर्ण दाबाने मिनिटाला १५ लिटर सहज सोडतो. त्याच्याखाली दहा मिनिटं गुणगुणत उभं राहिलं की दीडशे लिटर झाले, म्हणजे टबच भरला. शहरी घरांसाठी भारतीय मानकांनी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलं आहे आणि त्यातले अंघोळीसाठी ५५. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत.

तात्काळ गरम पाणी देणाऱ्या इन्स्टंट गिझरवर शॉवर चालवायचा बेत असेल तर तोही तपासून घ्या. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर वाहतं पाणी १५ अंशांनी तापवतो, पण मिनिटाला तीन लिटरसुद्धा नाही. गॅस गिझरचा प्रवाह बरा असतो. मात्र तो बंद बाथरूममध्ये बसवला आणि आत निवांत अंघोळ चालली, तर कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला वास नसतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. यात तडजोड नाही.

आता दाब. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ साधारण १ बार दाब देतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गच्चीवरची टाकी आणि शॉवरचं तोंड यांत अडीच मीटरचंच अंतर असतं, म्हणजे पाव बार. अनेक रेन शॉवरना किमान १ बार लागतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पाव दाबाला निम्मं पाणी, तेही थेंबाथेंबाने कडेकडेने निथळणारं. एकेक मजला खाली आलं की ०.३ बार वाढतो. थोडक्यात, तळमजल्यावरच्या मेहुण्याकडे झकास चालणारा शॉवर पाचव्या मजल्यावर रुसतो आणि दोष उगाच प्लंबरच्या माथी येतो. प्रेशर पंप हा उपाय आहे, पण तो पाणी वाढवतो तसा खर्चही वाढवतो. टबाला या दाबाचं काही सोयरसुतक नसतं; तो सावकाश भरतो, एवढंच. बोअरवेलचं जड पाणी असेल तर शॉवरच्या छिद्रांत कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरने निघतो, पण काढावा लागतो.

शॉवर घेताना डोक्याला गरम लागणारं पाणी पायाशी कोमट का होतं, याचं उत्तर थेंबांच्या भूमितीत आहे. एक लिटर पाण्याचे दोन मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर ते दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास भरतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ होतं तीन चौरस मीटर. दीडशे लिटरच्या भरल्या टबाचा हवेला भिडलेला पृष्ठभाग एक चौरस मीटरही नसतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरूनच होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून शॉवर उष्णता उधळतो, टब ती धरून ठेवतो. काचेच्या पार्टिशनमध्ये शॉवर जास्त ऊबदार वाटतो, कारण आतली हवा वाफेने भरली की बाष्पीभवन मंदावतं. काचेऐवजी प्लास्टिकचा पडदा लावलात तर तो अंगाला येऊन चिकटतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर थेंबांचा मारा उभा करून दाखवलं की, त्यातून हवेचा एक आडवा भोवरा तयार होतो, त्याच्या मध्याशी दाब कमी असतो आणि पडदा आत ओढला जातो. या कामाला २००१ सालचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं.

मग टबाची बाजू लंगडीच का? नाही. शॉवरला जे कधीच जमणार नाही ते टब करतो: अंगाला सगळीकडून दाबतो. मानेपर्यंत पाण्यात बसलं की पायांतलं आणि पोटातलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं की द्रव जास्त झाला आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. टबात बसल्यावर लघवीला लागते ती यामुळे. शिवाय उत्प्लावक बलामुळे सांध्यांवरचा भार उतरतो, दुखऱ्या गुडघ्यांना आराम पडतो.

झोपेसाठी मात्र टब हवाच असं नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी २०१९ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यात दिसलं, आणि त्यात शॉवरही धरला होता. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. झोपेला तेच हवं असतं.

टबाचा खरा दर्दी देश जपान. तिथे अंग आधी टबाबाहेर, छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ करतात आणि मग नुसतं डुंबायला टबात उतरतात. पाणी स्वच्छ राहतं, घरातले सगळे एकामागून एक त्यातच बसतात, मधल्या वेळी वर झाकण. दीडशे लिटर चौघांत वाटले गेले की टब एकदम काटकसरी ठरतो. आपल्याकडे एकाने वापरलेल्या पाण्यात दुसरा उतरेल ही कल्पनाच पचणार नाही. त्या जपानातही हिवाळ्यात गार खोलीतून कढत टबात उतरणारे वृद्ध भोवळ येऊन बुडतात. म्हणून तिथलं ग्राहक खातं ४१ अंशांपर्यंतच पाणी आणि दहा मिनिटांपर्यंतच बैठक, असं बजावतं.

जुन्या इमारतीत टब बसवायचा असेल तर वजन मोजा. घरातल्या बाथरूमच्या स्लॅबसाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा चल भार धरतं. अॅक्रिलिकचा चाळीस किलोंचा टब, दीडशे लिटर पाणी आणि सत्तर किलोंचा माणूस मिळून २६० किलो होतात, आणि तेही सव्वा चौरस मीटरवर. म्हणजे आपण काठावर आलो. स्लॅबच्या डिझाइनमध्ये सुरक्षिततेची सोय असते, त्यामुळे स्लॅब लगेच कोसळत नाही; पण बिडाचा किंवा दगडी टब आणि जुन्या टाइलवर सिमेंटचा थर देऊन नवी टाइल असा थाट असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणखी एक बारीक गोष्ट: टबाखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये पन्नास मिलिमीटर पाण्याची सील असते. टब वापरलाच नाही तर ती एप्रिल-मेमध्ये सुकते आणि गटाराचा वास, पाठोपाठ झुरळं, थेट घरात.

माझं मत विचाराल, तर चार बाय सातच्या बाथरूममध्ये काचेआड साधा ८ लिटरचा शॉवर, सोबत हँड शॉवर, आणि बादलीचा नळ अजिबात काढू नका. वीज गेली, दाब गेला, आजींना स्टुलावर बसून अंघोळ करायची असली की तोच कामी येतो. टब हवा असेल तर तो त्याच्या उंच काठावरून पाय टाकू शकणाऱ्यांसाठी, आणि मोठ्या गिझरसकट. टाइल घेताना ती किती घसरडी आहे हे विचारलं, तर दुकानदार आर १० किंवा आर ११ असा आकडा सांगेल. ती चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर होते. अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्यातली चाचणी वेगळी असते आणि तिची वर्गवारी ए, बी, सी अशी असते. ती विचारा. आणि भिंतीला धरायचा दांडा कुठे येणार ते टाइल लागण्याआधीच ठरवा. नंतर ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंगला भोक पडतं, आणि ती बातमी आपल्याला खालच्या मजल्यावरून कळते.