बाजार आणि संगणक : एका जोडपदवीची ओळख

द्वितीय वर्ष, कला

बारावीचा निकाल लागला त्या सुमारास ‘मार्केटिंग आणि कॉम्प्युटर’ अशा जोडपदवीचे एक माहितीपत्रक माझ्या हाती आले. आमचे गावात छोटे किराणा दुकान आहे. पत्रक पाहून वडिलांनी विचारले, “यात शिकवतात तरी काय? दुकान चालवायला की यंत्र चालवायला?” मला उत्तर देता आले नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला, विचारणार कोणाला? मी कला शाखेत आलो, परंतु प्रश्न मनात राहिला. त्यानंतर वाचून आणि विचारून जे समजले, ते येथे मांडत आहे.

दोन विषयांची मिळून एक पदवी ही कल्पना इंग्लंडमध्ये जुनी आहे. तेथे तिला ‘जॉइंट ऑनर्स’ म्हणतात. तीन वर्षांच्या पदवीचे ३६० श्रेयांक असतात आणि ते दोन विषयांत बहुधा सारखे वाटले जातात. काही विद्यापीठांत मध्ये एक वर्ष प्रत्यक्ष नोकरीत काढता येते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यातही मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देण्याची सोय आहे.

आता या दोन विषयांत असते काय ते पाहू. मार्केटिंग म्हणजे विक्री, असा आपला समज असतो. पण विक्रीची सुरुवात तयार मालापासून होते आणि मार्केटिंगची गिऱ्हाइकाच्या गरजेपासून. १९५६ साली वेंडेल स्मिथ यांनी बाजाराचे गट पाडून विचार करण्याची कल्पना मांडली. १९६० साली जेरोम मॅकार्थी यांनी वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी अशी चौकट दिली. इंग्रजीतील आद्याक्षरावरून ती ‘चार पी’ म्हणून प्रसिद्ध आहे. याखेरीज मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचाही भाग येतो. म्हणजे कला शाखेचा विद्यार्थी येथे अगदीच परका नाही.

संगणकाच्या बाजूला प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि माहितीची साठवण हे विषय येतात. माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत कशी ठेवावी, याचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरील बारकोड यंत्राने प्रथम वाचला. तोवर गल्ल्याच्या यंत्राला मुख्यतः रक्कम कळे. आता कोणती वस्तू गेली तेही आपोआप नोंदले जाऊ लागले. या नोंदींच्या ढिगातून ‘कशाबरोबर काय विकले जाते’ हे हुडकण्याची रीत राकेश अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडली.

ही रीत उदाहरणाने पाहू. समजा, एका दुकानाची १०० बिले आहेत. त्यांपैकी ४० बिलांत पोहे आहेत. या ४० पैकी ३२ बिलांत साखर आहे आणि ३० बिलांत शेंगदाणे. म्हणजे पोह्यांबरोबर साखर ८० टक्के वेळा जाते, शेंगदाणे ७५ टक्के वेळा. वरवर पाहता पोह्यांचे नाते साखरेशी अधिक जवळचे वाटते. पण थांबा. एकूण १०० बिलांपैकी ८० बिलांत साखर आहेच! मग पोहे घेणारा साखर घेतो यात विशेष काही नाही. ती सगळेच घेतात. शेंगदाणे मात्र एकूण ५० बिलांतच आहेत. पोहे घेणाऱ्यांत हे प्रमाण ५० वरून ७५ टक्के होते, म्हणजे दीडपट. खरे नाते येथे आहे.

एवढा हिशेब संगणक लाखो बिलांसाठी क्षणात करतो. पण पोहे आणि शेंगदाणे शेजारी ठेवावेत, की गिऱ्हाईक सगळे दुकान फिरावे म्हणून दूर ठेवावेत, हे केवळ या हिशेबावरून ठरत नाही. त्यासाठी माणूस कळावा लागतो. या दोन विषयांची जोड का घालतात, याचे उत्तर मला येथे सापडले.

अर्थात या जोडीत धोकेही आहेत. दोन्ही विषय अर्धवट राहू शकतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. दोन्ही विषयांना किती श्रेयांक आहेत? प्रोग्रॅमिंग खरोखर शिकवतात, की तयार सॉफ्टवेअरची बटणेच दाबायला लावतात? संख्याशास्त्र आहे का? पदवी कोणत्या विद्यापीठाची? ज्यांच्या घरी फी म्हणजे वर्षभराची शिल्लक असते, त्यांनी गुळगुळीत कागदावर भाळू नये.

दुसरा धोका अधिक मोठा आहे. गिऱ्हाइकाची माहिती ही गिऱ्हाइकाची असते. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माणसाची संमती हा त्याचा प्रमुख आधार आहे. पण कायद्याच्या आधी सचोटी हवी.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे वडिलांना समजावून सांगितले. पोहे-शेंगदाण्यांचा हिशेब ऐकून ते हसले. “हे मला ठाऊक होतं,” म्हणाले, “पण साखरेची गंमत ध्यानात आली नव्हती.” मग उधारीच्या वहीवर हात ठेवून म्हणाले, “यात साऱ्या गावाची अडचण लिहिलेली आहे. एकाचं पान दुसऱ्याला मी कधी दाखवलं नाही. तुमच्या त्या पदवीत हे शिकवतात का?”

या वेळीही मला उत्तर देता आले नाही. पण ज्या कोणाला ही पदवी घ्यायची असेल, त्याने माहितीपत्रक हातात घेऊन हाही प्रश्न जरूर विचारावा.