खाचरातलं पाणी कुणी मोजलं?

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागतं, मग पूर्णा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात या पट्ट्यात भाताची खाचरं तुडुंब असायची. मुंबईला खेटून, पण तिच्या जकातीच्या हद्दीबाहेर असलेली ही जमीन गोदामांना सोयीची पडली. भराव पडत गेला. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र वाढतच राहिली.

नेमक्या याच काळात शाळेत पर्यावरण हा विषय पक्का झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये तो शिकवायला सांगितलं, 2003 मध्ये पुन्हा बजावलं. विषयाला तास मिळाला, गुण मिळाले आणि प्रकल्पवही आली. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं चिकटवायची, खाली जंगलतोडीचे परिणाम सुवाच्य अक्षरात उतरवायचे. शाळेमागच्या खाचरात डंपर रिकामा होत असला, तरी त्याची नोंद त्या वहीत नसायची. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुलांना तो डंपर दिसत होता.

1993 पासूनच्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने वेगळी वाट दाखवली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच भागातला प्रश्न घ्यायचा, मोजमाप करायचं आणि आपल्या भाषेत मांडायचं. महाराष्ट्रात हे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने अनेक वर्षं सांभाळलं. 2010-11 चा मुख्य विषय होता जमीन. पूर्णा परिसराला याहून जवळचा विषय कोणता?

अशा प्रकल्पात जमिनीत पाणी किती जिरतं, हे मोजणं सोपं आहे. तळ काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं ठोकायचा, तांब्याभर पाणी ओतायचं, घड्याळ लावायचं. रोलरने दाबलेल्या भरावावर पाणी तसंच उभं राहतं. खाचरातही ते पटकन जिरत नाही, कारण चिखलणीने माती घट्ट बसलेली असते. मग दोन्हीत फरक काय, असं एखादी मुलगी विचारतेच. तिथे खरा धडा सुरू होतो. खाचराला बांध असतो. एका गुंठ्यात दहा सेंटिमीटर पाणी थांबलं, तर ते सुमारे 10,000 लिटर होतं, म्हणजे एक मोठा टँकर! गोदामाच्या पत्र्यावरून तेवढंच पाणी सरीबरोबर नाल्यात धावतं. पावसात गावातला रस्ता का तुंबतो, हे त्या मुलीला मग वेगळं शिकवावं लागत नाही.

नववी-दहावीला आता जलसुरक्षा हा विषय आहे. त्याच्या तासाला इथल्या शाळांनी उरलेली खाचरं मुलांकडून मोजून घ्यावीत, भराव पडायच्या आत.