बुडाशी कोरलेलं नाव

गोंदियाजवळ बिरसीला मावशीच्या घरी माळ्यावर एक कडीचा स्टीलचा डबा आहे. झाकण एका बाजूने चेपलेलं. डबा उलटा केला की बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसतात : सु. रा. भे. आणि खाली 1984. आमच्या नात्यात, भावकीत, सोयऱ्यांत 'भे.'ने सुरू होणारं आडनाव कुणाचंच नाही. मावशीला विचारलं की ती म्हणते, "बिस्कुटं आली होती त्याच्यात." कुणाकडून? "आली होती कोणाकडून तरी."

या डब्याने मला वीसेक वर्षं छळलं आहे. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून घ्यायचं ते भांडं परत यावं म्हणून. ज्या बाईने पैसे मोजून नाव घातलं, ती डबा विसरली असेल हे मला पटत नाही. या एका डब्यापायी मी दिवाळीचे डबे, बेकरीच्या भट्ट्या आणि पुण्यातलं एक जुनं भांडण इतकं उकरलं, की आता ते कुठेतरी उतरवून ठेवणं भाग आहे.

बिरसी म्हटलं की हल्ली लोकांना विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, 1940 साली इंग्रजांनी इथे धावपट्टी केली. युद्ध संपलं, पट्टी उरली. 2005 मध्ये ती विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, मग वैमानिकांची शाळा आली, आणि शिकाऊ पोरांची लहान विमानं गावावर दिवसभर घिरट्या घालू लागली. त्यांच्या खाली धानाच्या बांध्या. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला आलेला असतो आणि गावोगावच्या मंडया लागतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजी आठवेल. झाडीपट्टीतली मंडई वेगळी. भाऊबीज झाली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात गावोगाव एक दिवसाची जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना आज या गावी तर उद्या त्या गावी जाता येतं. रात्री दंडार किंवा नाटक. लेकी-जावई, मामे-मावसभावंडं, जुने शेजारी असे सगळे येतात, आणि रिकाम्या हाताने कुणी येत नाही. आमच्या लहानपणी मंडईला येणाऱ्या डब्यात अनरसे आणि चकल्यांखाली वर्तमानपत्राचा एक थर असे आणि त्या थराखाली बिस्किटं. आधी खाली हात घालायचा, हा आम्हा पोरांचा शिरस्ता.

ही बिस्किटं दुकानातली नव्हती. घरचीही नव्हती म्हणा. ती 'करून आणलेली' होती.

माझ्या वयाच्या विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप नाहीतर डालडा असं सगळं मोजून बांधून बेकरीत न्यायचं. बेकरीवाला ते आपल्या परातीत मळायचा, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचा, भट्टीत सारायचा. आपण बाकावर बसून आपल्या ट्रेवर डोळा ठेवायचा, कारण शेजारच्या बाईंचं तूप आपल्यापेक्षा जास्त असण्याचा धोका नेहमीच असे, आणि त्यांना आपल्याबद्दल उलटा संशय असे. भाजून देण्याचे पैसे किलोवर.

वेळ मात्र बेकरीवाल्याची. भट्टी लाकडावर रात्रभर तापलेली असायची. भर तावात आधी पाव निघायचा. पाव गेला की भट्टी हळूहळू उतरायची, आणि त्या उतरत्या धगीत बिस्किटं छान होतात. पावाच्या धगीत घातली तर बाहेरून करपून आत कच्ची राहतील. म्हणून बायकांची पाळी दुपारची. बेकरीत शिरताच नाकात झोंबणारा वास यायचा तो अमोनियाचा. बिस्किट फुलवायला बेकरीवाले तो क्षार घालतात. उष्णता लागली की तो सगळाच्या सगळा वायू होऊन उडून जातो आणि पातळ बिस्किटातून निसटतो, मागे वास उरत नाही. जाड केकमध्ये तोच वायू अडकून बसतो, म्हणून केकला तो चालत नाही. हे रसायन मला फार पुढे कळलं. तेव्हा वाटायचं की हा बेकरीवाल्याच्या घामाचा वास.

सरळ प्रश्न असा की घरी भाजता येत नव्हतं का? भाजणं आपल्याला नवं नाही. विदर्भात रोडगे कुणाला माहीत नाहीत? जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी. कणकेला पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलं की पानगे. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते तो रोडग्याचाच. पण आरावरचा रोडगा रांगडा. दीडशे नानकटाया एकसारख्या भाजायच्या तर खालून-वरून सारखी धग हवी. वर-खाली निखारे ठेवलेल्या पातेल्यात एका वेळी आठ-दहाच होणार. आणि गोंदिया हा तांदळाचा मुलूख. इथल्या बायकांचा हात अनरशात : तीन दिवस तांदूळ भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून दळायचा, गुळात मळून मुरवायचा. गव्हाच्या मैद्याचं भाजीव काम बाहेरचं, शहरातलं, परक्या विस्तवावरचं.

'परका विस्तव' म्हटलं की मला दरवेळी पुण्यातलं ते भांडण आठवतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

1890 च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते, आणखी चाळीसेक जण होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्याला चहा विचारणं हा शिष्टाचार, आणि समोर आलेलं नाकारणं हा उद्धटपणा. कुणी घोटभर घेतला, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला, कुणी बिस्किट खाल्लं. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडवलं गोपाळराव जोशींनी. डॉ. आनंदीबाईंचे हे यजमान. तोवर आनंदीबाईंना जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. गोपाळराव विक्षिप्त, बुद्धिमान, आणि सुधारकांच्या बोलघेवडेपणावर कायम खार खाऊन असलेले. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'कडे दिली आणि ती छापून आली. मग सनातनी मंडळींनी सरदार नातूंना पुढे घालून शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. चौकशीला शास्त्री आले, बैठका झाल्या, आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. ग्रामण्य म्हणजे नुसती चर्चा नव्हे. पंक्तीला बसवायचं की नाही, भटजी श्राद्धाला येणार की नाही, माहेरी गेलेल्या लेकीला स्वयंपाकघरात घ्यायचं की नाही, इथवर ते येतं. टिळकांनी शास्त्राधार काढून वाद घातला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नव्हे, अडकलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे.

इतिहासकार या प्रकरणात सुधारक विरुद्ध सनातनी असा सामना बघतात, आणि तो होताच. माझं लक्ष मात्र त्या बशीवर जातं. बिस्किटात काय होतं? गहू, साखर, तूप नाहीतर लोणी. यातला एकही जिन्नस ब्राह्मणाच्या घरात वर्ज्य नाही. आक्षेप जिन्नसाला नव्हताच. कुणी मळलं, कुणाच्या विस्तवावर भाजलं आणि कुणी पुढे केलं, यालाच सगळा आक्षेप. दोन वर्षं एक शहर या तीन प्रश्नांवर भांडलं, आणि चव कशी होती हे कुणी लिहून ठेवलं नाही. मला तर ही संशोधनातली मोठी उणीव वाटते.

व्यापाऱ्यांनी हा प्रश्न नेमका ओळखला. 1898 साली दिल्लीत बिस्किटांचा कारखाना निघाला, त्याचं नावच हिंदू बिस्किट कंपनी. उच्चवर्णीयांच्या हातचं बिस्किट, ही त्याची ख्याती. त्याही आधी सुरतेत डच वखारीच्या बेकरीतून पारशी कारागिरांनी नानकटाई घडवली, असं सांगतात. नावातला 'नान' फारसी आणि 'खताई' म्हणजे चीन. म्हणजे आपली सोज्वळ नानकटाई नावापुरती तरी इराण-चीन फिरून आलेली. पुढचं भराभर सांगते : 1929 मध्ये विलेपार्ल्याचा कारखाना, 1939 पासून तिथली बिस्किटं. 1937 मध्ये डालडा आला, आणि त्याचा ताडाचं झाड रंगवलेला पिवळा डबा रिकामा झाला की घरोघर तुळशीपासून तांदळापर्यंत सगळ्याला कामी आला.

हे सगळं जुळवून बसल्यावर मला 'करून आणलेल्या' बिस्किटांचा अर्थ लागला. आई म्हणायची, "बाहेरचं तूप कसलं असतं देव जाणे, आपलं नेलेलं बरं." यात काटकसर होती. पण माझ्या मते यात 1890 चा उरलेला अंशही होता. पीठ आपलं, तूप आपलं, डबा आपला, म्हणजे शुद्धतेचे तीन पहारे. विस्तव आणि हात मात्र परके. आपल्याकडच्या बेकऱ्या इराण्यांनी, गोव्याच्या पोदेरांनी, उत्तरेतून आलेल्या मुसलमान कारागिरांनी चालवल्या. जे पुण्याच्या पंडितांना दोन वर्षांत सुटलं नाही, ते आमच्या आयांनी बाकावर बसून, काही न बोलता, दोन किलो मैद्यात सोडवलं. शंकराचार्यांना कुणी विचारलं नाही, प्रायश्चित्त कुणी घेतलं नाही. तीच नानकटाई लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यात गेलेली मी पाहिली आहे.

यावरून गहिवरून जायचं कारण नाही. डबा सगळीकडे सारखा फिरत नव्हता. काही घरचा डबा आमच्या उंबऱ्याच्या आत येई, काही घरचा ओसरीवरच राही आणि त्यातलं गड्याच्या पोरांना वाटलं जाई. आम्हा मुलांना ते दिसत होतं आणि आम्ही ते विचारत नव्हतो. फराळाच्या देवाणघेवाणीवर गोडगोड लिहिणाऱ्यांनी आपल्या घरच्या ओसरीचाही हिशोब मांडावा. गोव्यात नाताळाला कोंसवादाचं ताट शेजारी जातं, त्यात दोदोल असतो, बेबिंका असते आणि नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीला तिकडून करंजी येते, नाताळाला इकडून नेवरी जाते. तिथे एका पदार्थाला दोन धर्म आणि दोन नावं चालतात. आमच्याकडे एकाच धर्मात ओसरी आणि माजघर अशी दोन ताटं होती.

नव्वदीनंतर हे सगळं आटलं. आधी काचेच्या झाकणाचा तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आला, मग मायक्रोवेव्ह, मग चकचकीत भेटखोकी. बऱ्याच बेकऱ्यांनी लाकडाची भट्टी मोडून विजेची आणि गॅसची आणली. त्या भट्टीला उतरती धग नाही, म्हणून दुपारची पाळीही नाही. गेल्या मंडईला मावशीकडे आलेल्या अकरा पाहुण्यांपैकी सात जणांनी विकतची खोकी आणली. मी मोजली. खोक्यावर नाव असतं ते कंपनीचं, आणि खोकं परत करायचं नसतं.

माझा मावसभाऊ हैदराबादला नोकरीला आहे. 13 मार्च 2022 ला बिरसीहून पहिलं प्रवासी विमान उडालं. पुढे ती सेवा थांबली, आणि 1 डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबादची फेरी सुरू केली. युद्धासाठी बांधलेल्या पट्टीवरून आता तो दिवाळी करून परत जातो, आणि मावशी त्याच्यासोबत डबा देते. यंदा तिने माळ्यावरचा तोच डबा काढला. मी म्हटलं, मावशी, हा आपला नाही. निदान याचा तरी मालक शोधू. आसपासच्या गावांत विचारते, कुणीतरी सु. रा. भे. सापडेल.

मावशी अनरशांच्या मध्ये कागद घालत होती. मान वर न करता म्हणाली, "डबा वापस केला का हिसाब पुरा होते, बाई. हिसाब पुरा झाला का मंग येनं-जानं कायले होईल?"

रिकामा डबा परत करू नये, हे मला ठाऊक होतं. त्यात चार चकल्या, मूठभर साखर, काहीतरी घालून द्यावं. पण मुळात परतच करू नये, ही तऱ्हा मी कुठल्या पाकशास्त्रात वाचली नव्हती. 1875 च्या 'सूपशास्त्रा'पासून 1970 च्या 'रुचिरा'पर्यंत मराठीत पदार्थांची मापं छापली गेली. डब्यांची मापं कुणी छापली नाहीत. ती बुडाशी कोरलेली आहेत.

तेव्हा यंदा फराळाला बसण्याआधी माळ्यावरचे, फडताळातले डबे एकदा उलटे करून पाहा. एखादं नाव आपलं नसेल. ते कुणाचं हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्या घरी जाऊन या. डबा न्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. सु. रा. भे. हे वाचत असतील, तर त्यांनी कळवावं : तुमचा डबा बिरसीला आहे, आणि मंडईचं आमंत्रण त्याच्या आतच आहे.