ओढलेल्या पॉलिथिनचा ताठपणा
प्रभादेवीनजीकच्या वरळी कोळीवाड्यात होड्यांना बांधलेला पॉलिथिनचा दोर आणि सहज ताणली जाणारी पिशवी यांच्या बळातील तफावत मुख्यतः रेणूंच्या मांडणीची आहे. साध्या पॉलिथिनच्या सूक्ष्म स्फटिकांत दीर्घ रेणुशृंखला घड्या घालून बसलेल्या असतात. मात्र हे पॉलिथिन तापवून, वितळू न देता, वीस-तीस पट ओढले, की घड्या उलगडून शृंखला समांतर होतात आणि भार थेट कार्बनच्या बळकट बंधांवर येतो. सी. डब्ल्यू. बन यांनी १९३९ मध्ये क्ष-किरणांनी उलगडलेली, तीन असमान परस्परलंब अक्षांची स्फटिकरचना तशीच राहते, हे मला विशेष विस्मयकारक वाटते. साध्या घन पॉलिथिनचा ताठपणा सुमारे १ गिगापास्कल, पोलादाचा २००. पराकाष्ठेपर्यंत ओढलेल्या तंतूंचा शंभराहून अधिक, तोही केवळ लांबीच्या दिशेने, कारण आडव्या दिशेस शृंखलांना धरणारे आकर्षण क्षीणच असते.