कोरड्या मुलखातला पूर आणि इतर गैरसमज

17 ऑगस्ट 2025च्या रात्री नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात आभाळ फाटल्यागत पाऊस पडला. लेंडी धरणाच्या परिसरात 206 मिलिमीटरची नोंद झाली. दिवस उजाडला तेव्हा रावणगावात सव्वादोनशे माणसे पाण्याने वेढलेली होती. हसनाळमध्ये काहींचा जीव गेला आणि मदतीला लष्कर बोलवावे लागले. हवामान खात्याच्या मोजमापात 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, की तो सर्वांत वरच्या श्रेणीत जातो. मुखेडने ती रेघ एका रात्रीत ओलांडली.

तरीही 'मराठवाडा म्हणजे दुष्काळ, इथे कसला पूर' हे वाक्य नांदेड-लातूरच्या पारावर अजून ऐकू येते. त्यामागे अनुभव आहेच. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरले. सरासरी कमी असलेल्या मुलखात कधी कधी चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडतो आणि एरवी कोरडा पडलेला ओढाच त्या दिवशी गावात शिरतो. कोरड्या ओढ्याच्या काठी घर, गोठा, कडब्याची गंज उभी राहते ती 'इथे कसला पूर' याच भरवशावर.

दुसरा भरवसा नांदेड शहरात दिसतो. 'इथे तर ऊन पडलंय, गोदावरी कशाला वाढेल?' नांदेडची गोदावरी फक्त नांदेडच्या पावसावर वाढत नाही. पैठणच्या जायकवाडीतून सोडलेले पाणी, सिंदफणेवरच्या माजलगावचे पाणी आणि पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी, सगळे नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाकडे येते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की शहराच्या काठच्या वस्त्यांना हालावे लागते. म्हणून नदीकाठच्या माणसाने डोक्यावरच्या आभाळासोबत वरच्या धरणांच्या विसर्गाची बातमीही रोज पाहायला हवी.

मग येतात हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा इशारा साधारणपणे जिल्ह्यासाठी असतो आणि नांदेड जिल्ह्यात तालुकेच सोळा आहेत. किनवटला झोडपणारा पाऊस देगलूरला शिंतोडाही न देता जाऊ शकतो. दोनदा असे झाले, की गाव म्हणते, 'यांचा अंदाज खोटाच असतो,' आणि तिसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. इशाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान या तिसऱ्या वेळी होते.

2023च्या पावसाळ्यात अनेकांचे मोबाइल अचानक मोठ्याने वाजले आणि पडद्यावर इशारा उमटला. फोन हॅक झाला, असे समजून कित्येकांनी तो बंद केला. ती सरकारची चाचणी होती. या पद्धतीत मोबाइल टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश टाकतो. त्याला कुणाचा नंबर लागत नाही, की इंटरनेट लागत नाही. मात्र फोन चालू हवा आणि टॉवरही. वादळात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, तर देवळाचा किंवा मशिदीचा बॅटरीवर चालणारा भोंगा, कोतवालाची दवंडी आणि दारावरची थाप एवढेच हाती उरते. त्यांना जुनाट ठरवून मोडीत काढणे जिवावर बेतेल.

विजेबद्दलचे गैरसमज तर दरवर्षी बळी घेतात. सोयाबीनची रास शिवारात पडलेली असते, ढग गडगडतात आणि सगळे झाडाखाली पळतात. तीच सर्वांत धोक्याची जागा. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून बाजूच्या माणसात आणि जमिनीतून पायांत शिरते. मोबाइल वीज ओढून घेत नाही. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप त्याच मोबाइलवर आसपासच्या विजेचा इशारा देते. गडगडाट ऐकू आला, की पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, हेही खोटे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात करावी, कारण पहिली काही मिनिटेच त्याला वाचवू शकतात.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाने मात्र याहून खोल रुजलेली समजूत मोडली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. 'काळ्या दगडाची दोन-अडीच फूट जाडीची भिंत, तिला काय होतंय?' हा पिढ्यांचा विश्वास होता. पण दगड मातीत बसवलेले होते, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता आणि वर उन्हापासून गारवा देणारे मातीचे जाड माळवद होते. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि ती माती झोपलेल्यांवर आली. कित्येक जण गुदमरून गेले. जवळच्या कुडाच्या, पत्र्याच्या झोपड्या मात्र तगल्या. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, काही नोंदी हा आकडा दहा हजारांजवळ नेतात.

त्याआधीच्या वर्षभरात किल्लारीने छोटे धक्के सोसले होते. तरीही भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002च्या नकाशात लातूरचा हा पट्टा झोन तीनमध्ये गेला. आजही, 2024च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेडला बसले तसे 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, की 'आज रात्री बारा वाजता मोठा भूकंप' असे संदेश फिरू लागतात. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडेही नाही. तसा संदेश पुढे पाठवणारा माणूस शेजाऱ्याला फक्त घाबरवतो. भिंतींना आडवे पट्टे बांधून घेणे आणि माळवदावरची माती कमी करणे हे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

इशारा शेवटच्या दारापर्यंत पोचावा म्हणून गावाने पावसाळ्याआधी एक कागद तयार करावा: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, शेतातल्या आखाड्यावर कोण झोपते आणि रात्री त्यांचे दार कुणी वाजवायचे. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि खाली जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक ठळक लिहावा.