क्षमा आणि दंडमुक्ती

परभाषेतील विचार मराठीत आणू पाहणाऱ्याला पुष्कळदा एखादा शब्दच अडवितो. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाविषयी लिहिताना ‘अ‍ॅम्नेस्टी’ हा शब्द मला असाच अडवितो. त्यासाठी ‘क्षमादान’ हा प्रतिशब्द सहज सुचतो; परंतु तो स्वीकारला की मूळ प्रश्नच झाकला जातो.

या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ विस्मृती. १९९५ च्या कायद्याने मात्र त्याला स्मृतीची अट घातली. १९६० ते १९९४ या काळात राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची जो संपूर्ण माहिती देईल, त्यालाच शिक्षेतून सुटका मिळावयाची होती. वंशभेदाची राजवट रणांगणावर पराभूत झालेली नव्हती. ती वाटाघाटींनी संपली होती. तेव्हा सत्य हवे असेल तर शिक्षेवर पाणी सोडावे लागेल, असा हा व्यवहार होता. पश्चात्तापाची अट मात्र कायद्यात नव्हती. मग याला क्षमा कसे म्हणावे?

स्टीव्ह बिको १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीनंतर मरण पावले. या सुटकेमुळे खटला भरण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचाही हक्क बुडतो, म्हणून त्यांच्या कुटुंबीयांनी व इतरांनी कायद्याला आव्हान दिले. १९९६ साली घटना-न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे १९९९ साली बिको प्रकरणातील पोलिसांचे अर्ज फेटाळले गेले. तरीही त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. आयोगाने आपली अट पाळली, परंतु तिच्यामागे दंडाचे जे भय असावयास हवे होते, ते राज्याने उभे केले नाही.

म्हणून आयोग निष्फळ ठरला, असे मात्र म्हणता येणार नाही. एकवीस हजारांहून अधिक पीडितांची निवेदने त्याने नोंदविली. साक्षीदार आपापल्या भाषेत बोलत आणि दुभाषी त्यांचे बोलणे प्रथमपुरुषातच सांगत. छळ सोसणाऱ्याचा ‘मी’ आणि छळ करणाऱ्याचा ‘मी’, दोन्ही त्यांना स्वतःच्या तोंडून उच्चारावे लागले. ज्यांचे दुःख राजवटीने नाकारले होते, त्यांचे शब्द अशा रीतीने राष्ट्राच्या दप्तरी दाखल झाले. हा न्यायाचा एक अंश खराच. पण तो संपूर्ण न्याय नव्हे.

यास्तव ‘दंडमुक्ती’ हा रूक्ष शब्दच मला अधिक प्रामाणिक वाटतो. शिक्षा सोडून देणे राज्याच्या हाती असते. क्षमा करावयाची की नाही, हे ज्याने सोसले त्यानेच ठरवावयाचे. आणि ती नाकारण्याचा त्याचा अधिकार सलोख्याच्या नावाखाली काढून घेता येत नाही.