प्रश्नचिन्हापुढचा अर्ज : संकेतस्थळावरील लेखांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या पुण्यात १८४८ साली नगर वाचन मंदिर, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली, त्या पुण्यात जुना मजकूर जतन करून तो मागणाऱ्याच्या हाती सुखरूप देण्याचे महत्त्व कोणास पटवून द्यावयास नको. असा मजकूर आता संकेतस्थळांवरूनही वाचला जातो, आणि रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा त्या कामी पुष्कळ ठिकाणी राबते. परंतु पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढे लिहिलेल्या एका क्रमांकावरून नेमका लेख कसा प्रकट होतो, याविषयी ज्या समजुती रूढ आहेत, त्यांचे निरसन होणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : जितके लेख, तितकी स्वतंत्र पाने तयार करून ठेवावी लागतात.

वस्तुस्थिती : पेशवे दफ्तरात अभ्यासकाने रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक लिहून दिला की जसा तेवढाच रुमाल काढून त्याच्यापुढे ठेवला जातो, तशीच पीएचपीची एकच फाइल पत्त्यात 'आयडी' या नावापुढे दिलेला क्रमांक वाचते, डेटाबेसमधून तेवढाच लेख मागविते आणि ठरावीक मांडणीत बसवून तो वाचकाकडे रवाना करते. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, ती पीएचपीतच लिहिलेली आहे; तेथे 'इंडेक्स डॉट पीएचपी' या फाइलीस 'टायटल' म्हणून पुणे हे नाव दिले की पुण्याचा लेख येतो, आणि 'ओल्डआयडी'चा क्रमांक दिला की त्याच लेखाची जुनी आवृत्ती समोर येते. 'विकी/पुणे' हा वरकरणी सुटसुटीत दिसणारा पत्ताही सर्व्हर आतल्या आत त्याच फाइलीकडे वळवितो.

गैरसमज २ : दुवे आपणच दिलेले असल्यामुळे क्रमांकाची तपासणी अनावश्यक आहे.

वस्तुस्थिती : पत्ता हा वाचकाच्या स्वाधीन असतो आणि त्यात वाटेल तो बदल करण्यास त्याला कोणी रोखू शकत नाही, म्हणून प्रश्नचिन्हापुढे जे येते, तो केवळ एक अर्ज समजावा, त्यास हुकमाचा मान देऊ नये. आलेले मूल्य डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या एसक्यूएल भाषेच्या वाक्यात जसेच्या तसे जोडले, तर क्रमांकाऐवजी आज्ञेचा तुकडा धाडून एखादा दुष्ट मनुष्य गोपनीय दस्तऐवज वाचू शकतो, प्रसंगी संपूर्ण संग्रह नष्टही करू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संकटावर पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीतील प्रिपेअर्ड स्टेटमेंट हा भरवशाचा उपाय आहे, कारण त्यात वाक्य आधी निश्चित होते आणि मूल्य मागाहून निराळे पाठविले जाते. पीडीओ २००५ सालापासून पीएचपीबरोबर येते, आणि 'मायएसक्यूएल अंडरस्कोर'ने आरंभ होणारी जुनी फंक्शने २०१५ सालच्या सातव्या आवृत्तीने कायमची बाद केली. जुन्या पाठांत ती दिसली, तरी त्यांचा अवलंब करू नये. तद्वतच, पत्त्यातून फाइलीचे नाव घेऊन ती फाइल थेट 'इन्क्लूड' करणे, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये सामील करून चालविणे, घातक आहे. मान्य नावांची यादी करावी आणि यादीबाहेरचे नाव नामंजूर करावे.

गैरसमज ३ : पत्त्यात मराठी अक्षरे चालत नाहीत.

वस्तुस्थिती : ती अवश्य चालतात. 'पुणे' या शब्दातील प, उकार, ण आणि मात्रा हे ४ घटक यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइटांचे होतात आणि पत्त्यातून जाताना टक्केचिन्हांसह ३६ चिन्हांचे रूप धारण करतात. पीएचपी त्यांचे मूळ अक्षरांत आपोआप रूपांतर करते. खरी अडचण अंकांची आहे. पीएचपीला पूर्णांकाच्या रूपांतरात देवनागरी अंक ओळखता येत नाहीत, त्यामुळे कोणी '२५' असे लिहिले तर त्याचे मूल्य शून्य ठरते. मराठी वाचकांसाठी संकेतस्थळ चालविणाऱ्याने असे अंक आधी बदलून घ्यावेत.

गैरसमज ४ : प्रश्नचिन्ह असलेले पत्ते शोधयंत्रे वाचत नाहीत.

वस्तुस्थिती : असे पत्ते आपण वाचू शकतो, हे गूगलने २००८ सालीच जाहीर केले आहे. अडचण उद्भवते ती एकच लेख अनेक पत्त्यांवर आढळल्यामुळे; त्यासाठी त्यांतील अधिकृत पत्ता कोणता, हे सांगणारी 'कॅनॉनिकल' ही खूण गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ साली मान्य केली.

गैरसमज ५ : लेख न सापडल्यास मुखपृष्ठ दाखविणे हेच सौजन्य होय.

वस्तुस्थिती : त्यामुळे वाचकाची दिशाभूल होते आणि शोधयंत्राच्या नोंदी बिघडतात. लेख नसेल तर ४०४ हा स्थितिसंकेत, कायमचा हलविला असेल तर ३०१ आणि बुद्धिपुरस्सर काढून टाकला असेल तर ४१०, असे सत्य उत्तर द्यावे.

सारांश, संग्रह कितीही मौल्यवान असला, तरी त्याचे रक्षण पत्त्याच्या या दारावरील तपासणीवर अवलंबून आहे. ज्या संस्थांनी आपला मजकूर संकेतस्थळावर आणला आहे, त्यांनी पत्त्यातून येणारे प्रत्येक मूल्य तपासले जाते की नाही, याची खातरजमा जाणकाराकडून अविलंब करून घ्यावी, आणि संग्रहाची एक नक्कल सर्व्हरपासून दूर, स्वतंत्र ठिकाणी सुरक्षित ठेवावी.